दोघांपुरती मोटारहोम

आमच्या घरात अकरा माणसं आहेत आणि मला त्यांतल्या फक्त एकाच माणसाबरोबर प्रवासाला जायचं होतं. (बायकोबरोबरच हो! उगाच भलतं मनात आणू नका.)

लग्न झाल्यापासून आम्ही दोघं म्हणून कुठं गेलोच नाही. हनिमूनलासुद्धा काका-काकू सोबत होते, काकूंना थंड हवा मानवते म्हणून! यंदा मात्र मी हट्टाला पेटलो. मोटारहोम घ्यायची! आत पलंग, शेगडी, बेसिन. वाटेल तिथं थांबायचं आणि कुणाला विचारायचं नाही. नवीची किंमत ऐकून घाम फुटला, म्हणून कागलजवळ हायवेला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडं एक छोटी व्हॅन हेरली. खिशाला झेपणारी, बरोबर दोघांपुरती. बायको तर नुसतं ऐकूनच लाजली.

पण गाडी बघायला एकट्यानं जाणं म्हणजे आमच्यात घरच्यांचा अपमान. रविवारी सगळं घर टेम्पोत बसलं.

"पावणं, गाडी बघायला आलाय का वरात घिऊन आलाय?" विकणाऱ्यानं विचारलं.

माझा थोरला भाऊ, दादा, थेट पलंगावर आडवा झाला. पाय दाराबाहेर! "आखूड हाय," त्यानं निकाल दिला. आई म्हणाली, "देव कुठं मांडायचं रं हितं?" वहिनीनं पिशवीतून मटणाच्या रश्श्याचं पातेलं काढलं (रिकामं, खास मापाला आणलेलं!) आणि शेगडीवर ठेवलं. शेगडी दिसेनाशी झाली.

"वैनी, दोघास्नी एवढं पातेलं कशाला?" मी बोलून गेलो.

"दोघं? कोण दोघं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बायकोही बघत होती, मोठ्या आशेनं. 'मी आणि ही' एवढंच तर म्हणायचं होतं!

"न्हाय, म्हंजे... दोघा-दोघांनी बसून जेवायचं की," मी म्हणालो.

बायकोनं तोंड फिरवलं.

मग दादाला कोपऱ्यातली एक जुनी बस दिसली. पत्रा गंजलेला, सीटा काढून आत झोपायला बाकं ठोकलेली. आणि किंमत व्हॅनएवढीच! "बजेटात बसतीया की! आनि काय पायजे तुला?" दादा ओरडला. पातेलं बसलं, देव बसले, आणि मी मुकाट्यानं सही केली.

निघायच्या दिवशी कळलं, बाकं दहाच आहेत.

"म्हशीजवळ कुणीतरी ऱ्हायाला पायजेच," दादा म्हणाला. "तुझ्याबिगर ती कुणाला कासंला हात लावू देत न्हाय."

मी बायकोकडं बघितलं. निदान ती तरी उतरेल! तिनं खिडकीची जागा धरली होती.

"तुमास्नी एकांतच पायजे हुता न्हवं?" ती म्हणाली. "मग घ्या की आता!"

फार लागलं मनाला. माझ्याच पैशांची बस माझ्याच तोंडावर धूर सोडून निघून गेली, आणि मी बादली घेऊन गोठ्यात आलो.

मला एकाच जिवाबरोबर निवांत राहायचं होतं, तसा राहिलो. कासेला हात लावला, तर तिनंही लाथ मारली!