पाच वाद्यांचा मान

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहीत आणि मी ती वाचूनच अक्षरं शिकले. म्हणून इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुरातल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीसाठी ऐतिहासिक नाटक मागितलं, तेव्हा मी मुद्दाम एक मांडलिक राजा निवडला. हजारेक वर्षांपूर्वीचा, कोकणातला. जन्मभर ताम्रपटांवर आधी सम्राटाचं नाव कोरणारा, मग स्वतःचं. माझ्या नाटकात सम्राट हुकूम देतो आणि हा धाकट्या भावाचं बंदर जाळतो, भावाला कापतो. बक्षीस काय, तर पाच वाद्यांचा मान. राजा निघाला की पुढे वाद्यं वाजणार. मांडलिकाला याहून मोठं काही मिळत नसे.

नाटकात राजा झाला माझा दादा. भाऊ झाला त्याचा जिवलग मित्र. दोघं एकाच वेअरहाउसमध्ये, दादा टीम लीड. तालमी चालू असतानाच मॅनेजरने दादाला एक माणूस कमी करायला सांगितलं. दादाने मित्राचं नाव दिलं. मित्राचा व्हिसा त्याच नोकरीवर होता.

दादा मला म्हणाला, "तो खुनाचा प्रवेश काढ."

"का? त्याने खून केलाय."

"गणपतीचा प्रोग्राम आहे, बाई! पुढे मुलं बसणार. तुला सगळ्याचं पत्रकच करायचं असतं."

"नाही काढणार."

मित्र आता तालमीला येणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. रविवारी तो आला. लाकडी तलवार उचलून उभा राहिला.

"दादा, तुला नाही म्हणता आलं असतं," भावाचं वाक्य.

"मी नाही म्हटलं असतं, तर दुसरा कोणी आला असता," राजाचं वाक्य. मग राजा वार करतो, भाऊ पडतो.

मित्र पडला नाही.

"ऑफिसमध्ये पण हेच बोललास ना?" त्याने तलवार दादाच्या कपाळावर हाणली. दुसऱ्या घावाला दादाने हात आडवा धरला, मनगट मोडल्याचा आवाज मला स्टेजसमोर खाली ऐकू आला. दादा धाडकन कोसळला. मित्र छातीवर बसून बुक्क्या मारू लागला. "माझी बायको प्रेग्नंट आहे, साल्या!"

पडद्यामागच्या ढोलपथकाला मीच सांगितलं होतं, माणूस पडल्याचा आवाज आला की सुरू करा. त्यांना काही दिसत नव्हतं. ढोल, ताशा, झांज, शंख, शिंग, सगळं एकदम उसळलं. त्या गजरात दादा मार खात होता. मंडळाच्या काकू "बंद करा रे!" म्हणून किंचाळत होत्या, ते कोणालाच ऐकू जात नव्हतं. मी वर धावले, मित्राला मागून ओढलं. त्याचं कोपर बसून माझा ओठ फाटला.

वाद्यं थांबली तेव्हा मित्र स्टेजच्या कडेला बसून स्वतःचे हात बघत होता.

"आता तरी तो प्रवेश काढ गं," काकू म्हणाल्या.

मी दादाकडे पाहिलं. एक डोळा मिटला होता, दात रक्ताने माखले होते.

"राहू दे तो," दादा म्हणाला. "राजा दुसरा बघ. मला ते वाक्य परत बोलता येणार नाही."