साडूंचं फुकटचं अंतर

कोल्हापुरात राहून मिसळीबरोबरचा जादा कट परत पाठवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, यजमान. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. फुकटची वस्तू त्यांना पचत नाही. भाजीवालीनं कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या, तर त्या वेचून ते परत तिच्या टोपलीत ठेवतात. मी मुरगूडच्या बाजारात जमिनीवर भांडी मांडून धंदा शिकलेला माणूस. त्या चार काड्या मला आठवडाभर डोळ्यांपुढं दिसत राहतात.

याच तत्त्वापायी त्यांनी दोन वर्षं सायकलचा घोळ घातला. फिक्स गिअरच्या सायकलीला चाक फिरतंय तोवर पाय फिरवावेच लागतात, हे त्यांना रंकाळ्यावर कुणीतरी सांगितलं आणि साक्षात्कारच झाला. "साडूभाऊ, उतारावर पाय न हलवता आपण जातो की न्हाय? ते अंतर फुकटचं!" मग सायकल फिक्स करावी की नको, यावर दूधकट्ट्यावरच्या गवळ्याचंसुद्धा मत घेऊन झालं. तो म्हणाला, "मास्तर, म्हस असती तर सांगितलं असतं." ठरत मात्र काहीच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ते पाय थांबवत, सायकल टिकटिक करत घरापाशी येई, आणि नजर गेलेल्या अक्का भिंतीला हात लावत दार उघडायला येत. हे रोज बघूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

शेवटी मी भडकलो. "एक काय ते ठरवा, न्हायतर सायकल माझ्या दुकानात मोडीत घाला!" म्हणून त्यांना सायकलवाल्या चाचांकडं ओढत नेलं. फिक्सच्या दातेरी चकतीसाठी अर्धा तास घासाघीस केली, चाचा घामाघूम होऊन निम्म्यावर आले, आणि हा गृहस्थ म्हणतो, "चाचा, तुमचा पहिलाच भाव रास्त होता." दिलाही! ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या संध्याकाळी मला मागं कॅरिअरवर घेऊन साडू घरी निघाले. सायकल मांजरासारखी बिनआवाजी गल्लीत शिरली. दार बंदच. साडूंनी कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून अक्कांनी विचारलं.

चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला असावा. "मी," ते म्हणाले.

"अवो, सायकल कुठं गेली? चालत आला व्हय?"

दुसऱ्या दिवशी चाचांनी कुलूप काढायच्या आधी साडू दारात हजर. मीही गेलोच. "साडूभाऊ," ते खाली बघत म्हणाले, "एवढं एक फुकटचं घेतो."

चाचांनी जुनं टिकटिकणारं फ्रीव्हील परत चढवलं आणि मजुरी सांगितली. जास्तच होती. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि सांगितले तेवढे पैसे ठेवले. साडूंनी ते मला परत केले नाहीत. सायकलवर बसले, दोन पायडल मारली आणि पुढं सपाट रस्ता असूनही पाय थांबवले. वळणाआड जाईपर्यंत मी ती टिकटिक ऐकत उभा होतो.