बिनकाचेचे बाबा

बाबांचं शेवटचं चित्र मी जलरंगात केलं होतं. ओसरीतली खुर्ची, मांडीवर पेपर, कपाळाला आठ्या. ते गेल्यावर काच लावून हॉलमध्ये टांगलं, गेलेल्या आजोबा-काकांच्या रांगेत. आई समोर उभी राहायची आणि चिडायची. "याच्यात त मीच दिसून राह्यली. अन् तो ट्यूबलाइट. तुह्ये बाबा कुठी हायत?"

मोतीबिंदू काढल्यापासून तिला चकाकी सोसत नव्हती. तिला बाबा दिसावेत म्हणून काच काढायचं ठरवलं, आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

वणीतला फ्रेमवाला हटून बसला. "सर, कोयशाचं गाव हाय. महिन्यात कायंठिक्कर होईन."

मी समजावलं, चित्र काळं पडणार नाही, कागद फळीवर चिकटवलाय, वार्निशचे फवारे मारलेत, वर मेण घासलंय; धूळ फडक्यानं पुसता येते. त्यानं मान डोलावली. दोन दिवसांनी गेलो तर फ्रेम तयार, आणि सवयीनं आत काच! वर म्हणतो, "राहू द्या ना सर, मस्त दिसते." समोर उभं राहून ती काढायला लावली.

चित्र परत रांगेत टांगलं. आई जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, सुटलो एकदाचा. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाबांच्या कपाळावर ओलं अष्टगंध! आंघोळ झाली की रांगेतल्या प्रत्येक फोटोला ती टिळा लावते, तसा यांनाही लावला. बाकीच्यांना काच आहे, इथं थेट कागद. मी फडकं घेऊन धावलो. मेणानं लाज राखली, तरी आठ्यांमध्ये केशरी डाग राहिलाच.

मी भडकलो. "आई, टिया लावाचा नाही. हार घालाचा नाही. अगरबत्तीही दूरच ठेवाची!"

"टिया नाही, हार नाही, काच नाही," आई म्हणाली, "मंग गेलेल्याच्या रांगेत कायले टांगलं त्याह्यले?"

इतक्या महिन्यांत आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं. मग ओसरीत, त्यांच्या खुर्चीच्या वर खिळा ठोकून चित्र टांगलं. तिथं ऊन येतं, रंग उडणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता रोज सकाळी ती त्यांच्यावर करवादते. "ठेवा तो पेपर. चहा थंडा होऊन राह्यला."