पोटाखालचा घोडा

आबांनी पाठवलेला बंदुकीचा फोटो पाहून तुम्ही दोघा नातवंडांनी 'सो कूल' असं उत्तर दिलंत. त्या बंदुकीबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवते.

तेव्हा आबा सौदीतल्या ताइफमध्ये पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तिथल्या लग्नांत पुरुष ठासणीची बंदूक घेऊन नाचतात. उंच उडी मारायची आणि हवेत असतानाच पायाखाली बार काढायचा. आबांच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या परवान्यावर ते तिथे होते त्या मालकाच्या, म्हाताऱ्या वडिलांकडे अशी एक जुनी बंदूक होती. तिचा घोडा, म्हणजे बारुदाच्या टोपीवर आपटून ठिणगी पाडणारा तुकडा, झिजला होता. तेवढा नवा बसवून द्यायचा, असं काम आबांकडे आलं. दोन दिवसांचं काम.

त्याच सुमारास तुमची आई कॅनडात बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण, तिच्या सासूबाई आजारी, म्हणून आम्ही दोघांनी आधीच जाऊन राहायचं ठरलं होतं. अळीव, डिंक, सुंठ मी वेगवेगळ्या डब्यांत भरून चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या होत्या. आणि आबा एके दिवशी जेवताना म्हणाले की कफील रजा देत नाही. म्हाताऱ्याला नातवाच्या लग्नासाठी नवी कोरी बंदूक हवी आहे, ती झाल्यावर जा म्हणतो.

मग जेवणाच्या टेबलावर दस्त्यासाठी अक्रोडाची फळी आली आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागलो. ही बंदूक साधी नव्हती. अमेरिकेत काही कारागीर घोडा नळीच्या वर न लावता खाली, पोटाशी लावतात. नेम धरताना डोळ्यापुढे काही येत नाही आणि ठिणगीही तोंडावर उडत नाही. ही सगळी माहिती इंग्रजीत. आबांना इंग्रजी वाचताना धाप लागते, म्हणून रोज संध्याकाळी ती पानं मीच मोठ्याने वाचायची आणि मराठीत समजावून सांगायची. चापाभोवतीची लोखंडी कडी हीच या बंदुकीत स्प्रिंगचं काम करते. ती कडी आबांनी तीनदा केली, तीनदा मोडली. मोडली की माणूस चिडतो; हे खूश व्हायचे. मी मात्र वाचता वाचता मनात कफीलचा उद्धार करत असे.

"घोडा पोटाखाली घातलात तरी लाथ मारायची ती मारणारच," मी एकदा म्हणाले.

"अगं, लाथ खांद्याला बसते. तू पुढचं वाच," आबा कानस न थांबवता म्हणाले.

तुमची आई फोनवर विचारायची, कधी येताय. मी कफीलचं नाव सांगायची. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली, तेव्हाही तेच सांगितलं.

एका दुपारी म्हातारे स्वतः बंदूक पाहायला घरी आले. चहा देताना मला राहवलं नाही. हिंदीत म्हटलं, चाचा, माझी मुलगी तिकडे एकटी आहे, यांना रजा द्यायला सांगा ना मुलाला. त्यांनी कप खाली ठेवला आणि आबांकडे पाहिलं.

"हमने तो बोला जाओ. पुराना ठीक करो, खलास. ये बोला, नहीं, नया बनाएगा, छुट्टी बाद में लेगा."

घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं. आबा दस्त्यावर अंगठा फिरवत राहिले. म्हातारे गेल्यावर म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केले, एक वस्तू स्वतःच्या डोक्यातली करावीशी वाटली. तुला खरं सांगितलं असतं तर तू ती पानं वाचली नसतीस.

ते खरं होतं. म्हणूनच जास्त संताप आला.

"मग तुमची बंदूक जन्माला आली की मला कळवा," मी म्हणाले. "तिकडचं मी बघते."

मी एकच तिकीट काढलं. जेद्दाहला सोडायला आबा आले. घाट उतरून, मक्केला वळसा घालणाऱ्या रस्त्याला लागलो. मग त्यांनी चौथी कडी टिकल्याचं सांगायला सुरुवात केली. मी खिडकीची काच खाली केली. वाऱ्यात त्यांचं काही ऐकू आलं नाही.

मी पोहोचले तेव्हा तुमच्यातली थोरली नऊ तासांची होती. आईने तिला माझ्या हातात दिलं आणि बाबांबद्दल विचारलं. मी महिनाभर तिला नकळत कफीलचं खोटं सांगत आले होते. आता खरं ते सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबांचा व्हिडिओ कॉल आला. बंदूक मांडीवरच होती. आईने बाळ दाखवलं, मग शांतपणे विचारलं, "बाबा, रजा मिळालीच नाही का?"

"नाही ना गं," आबा म्हणाले. "कफील ऐकेचना."

"बरं," तुमची आई म्हणाली, आणि फोन माझ्याकडे न देता बंद केला.