खैरखेडीच्या विहाराचा उंबरा

आमच्या खैरखेडीच्या विहारात शिरताना कोणी उंबऱ्यावर पाय देत नाही. ओलांडून जातात. वस्तीत नवी सून आली की तिला पहिल्याच दिवशी हे सांगतात. मला तर सांगण्याआधी दंडाला धरून मागे ओढलं होतं. ओढणारी माझी सासू, अंजनाबाई. मी शिकलेली, त्यात तोंडाळ. कारण कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. "काहून, आत्या?" मी विचारलं. "काहून न् बिहून. ओलांड म्हनलं की ओलांडाचं," ती म्हणाली. तिच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यात तो तसाच कुजत राहिला.

विहार बांधला दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी. नागपूरहून परतलेल्या माणसांनी घरातले देव ओढ्यात सोडले आणि भिंती उभारायला घेतल्या. शेजारच्या माळ्यांच्या मळ्यात विहीर खोदणं चालू होतं, तिथला दगड मळेवाल्याने देऊन टाकला; बायांनी तो डोक्यावरून वाहिला. वर टिनाचं छप्पर. मग पहिले भंते आले, जऊळक्याला रेल्वेतून उतरून पायी. त्यांना काय म्हणायचं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लोक 'महाराज' म्हणाले, कोणी पायाशी नारळ फोडला, आणि संध्याकाळी घरोघरची भाकर-भाजी त्यांच्यापुढे आली. भंते दुपारनंतर जेवत नाहीत हे कोणाच्या बापाला माहीत! ते हात जोडून नको म्हणत, आणि बाया आपसात म्हणत, महाराज लाजतात. ही गोष्ट आत्या दरवेळी पदरात तोंड घालून हसत सांगते. तिला ती तिच्या सासूने, कौतिकाबाईने सांगितली होती. उंबऱ्याचा लांबोडका काळा दगड कौतिकाबाईनेच दिला, एवढं अख्ख्या वस्तीला माहीत होतं.

आत्या या घरात आली तेव्हा भंते निघून गेले होते. दिवसभर मळ्यात मिरच्या तोडायच्या, आणि कामाला जाण्याआधी विहार झाडायचा, दिवा लावायचा, हा तिचा नेम. नवरा लवकर गेला, तरी नेम चुकला नाही. एकुलत्या पोराला तिने शिकवलं. तो अश्वजित, माझा नवरा. आता विहार कमिटीचा अध्यक्ष आहे आणि भाषणाला उभा राहिला की बावीस प्रतिज्ञांशिवाय खाली बसत नाही. अंधश्रद्धेचं नाव निघालं की त्याच्या मानेची शीर फुगते. घरात लिंबू-मिरची लोणच्यापुरती.

जुना विहार पाडून नवा बांधायचं ठरलं तेव्हा आत्या खूश होती. पण मीटिंगमधून अश्वजित हसतमुखाने आला आणि म्हणाला, "माय, तुह्या सासूचं नाव अमर होऊन राह्यलं. उंबऱ्याचा गोटा नव्या विहारातही उंबराच राहीन, अन् त्याच्यावर कौतिकाबाईचं नाव कोरू. वरून पापुद्रे सुटले म्हणून हेमसिंग मिस्त्री म्हणते, पलटून खालच्या अंगाले कोरू."

आत्याच्या हातातली भाकर परातीत पडली. त्या दिवसापासून ती जेवेना. विचारलं तर म्हणे, पोट दुखते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, दुखत नाही. मला तिचा राग आला, मग भीती वाटायला लागली.

दगड काढायच्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. विहारात गेले तर भिंती उतरलेल्या, नुसती चौकट उभी, आणि आत्या उंबऱ्यापुढे मातीत बसलेली.

"आत्या, उठा. लोक येऊन राह्यले."

"सपना," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हा गोटा पलटू देऊ नको. खाली मरीमाय हाय."

मला आधी समजलंच नाही. मग तिने भराभर सांगितलं. लिंबाखालची मरीमाय म्हणजे हाच दगड, तिची पूजा आमच्याच घराकडे होती. कौतिकाबाईची दोन लेकरं पटकीत गेली. तिसरं जगलं, माझा सासरा. सगळ्यांनी देव ओढ्यात सोडले तेव्हा तिचा हात उचलला गेला नाही. हे तिसरंही गेलं तर? ती रडत भंतेंकडे गेली. भंते म्हणाले, बाई, ज्याची भीती वाटते त्याचाच उंबरा कर आणि रोज ओलांडून आत ये. तिने तोंड खाली करून दगड बसवून घेतला. मरताना सुनेला बजावलं, पलटू देऊ नको. लोक म्हणतील, हिनं बुद्धाच्या दारात देवी पुरली.

लोक नेमकं तेच म्हणणार होते. कौतिकाबाईचं नाव कोरायला निघालेली वस्ती तिच्या नावाने थुंकली असती, आणि अश्वजितला पुन्हा माईक हातात धरता आला नसता. मी त्याच्याकडे धावले. "आज नोका काढू. मार्बलवर कोरा नाव." तो म्हणाला, "काहून?" जन्मभर दुसऱ्यांना तोच प्रश्न विचारणारी मी, आत्यासारखंच म्हणाले, "काहून न् बिहून." तो वैतागून पुढे गेला. सगळी वस्ती जमली होती. हेमसिंगने दगडाखाली पहार घातली.

"बाई, सरका."

आत्या उठली. मला वाटलं बाजूला होईल. तिने पहारीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर, मला सांगितलं होतं तेच, तितकंच सांगितलं.

अश्वजित आईकडे बघत होता. त्याची शीर फुगली नव्हती, तोंड पांढरं पडलं होतं. मागून एकजण म्हणाला, "म्हंजे आमी इतके वर्षं देवीच्याच दारातून जाऊन राह्यलो?" दुसरा म्हणाला, "ओढ्यात फेका. अन् अध्यक्षबी बदला." गलका वाढला. आत्याने पहार सोडली नाही. अश्वजितने एकच विचारलं, "तू कधी हात जोडले का याले?"

"नाही. पण पायही नाही देल्ला. हिंमतच नाही झाली."

तेवढ्यात इंद्रभानबाबा काठी टेकत पुढे आले. वस्तीत सर्वांत म्हातारे, कमिटीत सर्वांत कडक. लग्नात अक्षता दिसल्या तर मांडवातून उठून जाणारे. मी मनात म्हटलं, संपलं.

त्यांनी काठीचं टोक दगडावर टेकवलं. मग म्हणाले, "माह्या मायनं खंडोबाचा टाक ज्वारीच्या कणगीत लपवला होता. ते गेली तवा सापडला. मी कोनाले सांगतलं नाही." ते मागे वळले. "ज्याच्या घरात काहीच राह्यलं नव्हतं, त्यानं फेकावा हा गोटा."

बायकांतून हुंदका आला. पुरुष खाली बघायला लागले. ज्याने अध्यक्ष बदलायला सांगितलं होतं, तो चपलेने माती उकरत होता. हेमसिंग बिचारा तांड्यावरचा माणूस, पहार हातात धरून नुसता या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. शेवटी अश्वजित खाली बसला आणि दगडावरची माती हाताने झाडू लागला. "पलटू नका," तो म्हणाला. "भंतेनं जसा बसवाले लावला तसाच नव्या दाराले बसवा. आजीचं नाव बाजूच्या कडेले कोरा."

नव्या विहाराचं उद्घाटन यंदा झालं. वाशीमहून भंते आले होते, जेवण वेळेत, दुपारच्या आत वाढलं. वस्तीने ठरवलं, आधी अंजनाबाई आत जाईल. पांढरं पातळ नेसून ती दारापाशी आली. सवयीने पाय उंच उचलला, ओलांडायला. तो तसाच अधांतरी राहिला. मी तिला सावरायला हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला.

मग तिने पाय खाली घेतला आणि उंबऱ्यावर ठेवला. दुसराही ठेवला. दगडावर दोन्ही पायांनी उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं.

"गार हाय वं," ती म्हणाली, आणि आत गेली.