सोनवणे मॅडम आणि सटाण्याचे कांदे

सोनवणे मॅडमना कुठेही ख्रिस्त दिसायचा. आमच्या नाशिकच्या कॉलेजात त्या आधुनिक अमेरिकन कादंबरी शिकवायच्या. पुस्तकात कुणी पाव मोडला की ते शेवटचं भोजन, कुणी नदीत पडलं की बाप्तिस्मा, आणि एखाद्या सुताराने हात ताणून नुसता आळस दिला तरी झाला क्रूस. "लिहून घ्या," म्हणून त्या पुढे सरकत. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे तिथेच शिकवायला लागले; एकदा स्टाफरूममध्ये मी त्यांना अर्धं बिस्कीट मोडून दिलं, तर त्यांनी ते इतक्या भक्तिभावाने घेतलं की मीच ओशाळले.

"या कादंबऱ्यांतल्या घरांत बाप लेकाशी बोलत नाही, भाऊ भावाशी बोलत नाही," त्या वर्गात सांगत. "माणसं गप्प, म्हणून लेखक पावाला आणि पाण्याला बोलायला लावतो."

मॅडमची थोरली बहीण, सटाण्याची अक्का, त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हती. आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सगळे उन्हात हात जोडून उभे. तेव्हा मॅडमनी पुढे होऊन, कावळा हे केवळ प्रतीक आहे, असं छोटेखानी व्याख्यान दिलं. अक्का म्हणाली, "चालती व्हय." मॅडम खरोखरच चालत्या झाल्या आणि थेट नाशिकच्या एसटीत बसल्या. हे त्या हसत हसत सांगायच्या, पण सांगून झालं की बराच वेळ चष्मा पुसत बसायच्या.

दर उन्हाळ्यात मात्र अक्काकडून टेम्पोने कांद्याचं पोतं कॉलेजात यायचं. निरोप नाही, काही नाही. मॅडम ते स्टाफला वाटून टाकत. एका वर्षी मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, हे पोतं कादंबरीत असतं तर तुम्ही त्यावर दोन तास घेतले असते."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुझी गाडी आहे ना? चल."

सटाण्याला अक्का घरासमोरच्या ओट्यावर बसली होती. वाटभर जुळवलेलं भाषण मॅडम विसरल्या आणि एवढंच विचारलं, "अक्का, कांदे का पाठवतेस?"

"तू गयी, मंग मी आईले शबद दिधा, धाकलीले जपसू म्हनीसन. तव्हय कावळा पिंडले शिवी गया," अक्का म्हणाली. "तुन्हासंगे बोलसू आसं नही म्हनं."

मला हसू आवरेना. मॅडम रडत होत्या, मग त्याही हसायला लागल्या, आणि शेवटी अक्कासुद्धा. जेवताना मॅडमनी भाकरी मोडली आणि अर्थबिर्थ न सांगता मुकाट्याने खाल्ली. असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी सटाण्याचा टेम्पो आला, पण रिकामा. पुढच्या सीटवरून अक्का उतरली.

"यंदा कांदा नही का, अक्का?" मॅडमनी विचारलं.

"आते घर चाल. कांदा तठेच खाय."

मॅडम दारात जमलेल्या मुलांकडे वळल्या. "लिहून घ्या," म्हणाल्या, आणि टेम्पोत अक्काशेजारी जाऊन बसल्या.