साठ किलोचं ओझं आणि हलकी शेवंता

मंडळी, शिरपूरच्या आमच्या अभ्यासिकेत आज रेल्वे भरतीची सराव परीक्षा घेतली. तरफ, कप्पी, उतार यांवरचे प्रश्न होते.

एक प्रश्न अगदी सोपा. आढ्याला बांधलेल्या कप्पीवरून साठ किलोचं ओझं उचलायला किती जोर लागेल? उत्तर साठ. सगळ्यांनी तेच लिहिलं. फक्त शेवंताने 'यापैकी नाही' यावर खूण केली. सातपुड्याच्या पायथ्याहून रोज एसटीने येणारी ही मुलगी वर्गात सगळ्यात हुशार, म्हणून मी चिडलेच.

"ताई, मनं वजन साठ नही शे," ती शांतपणे तिच्या अहिराणीत म्हणाली. "दोर ओढा का मीच वर जासू."

वर्ग हसला. मीही हसले आणि मग लक्षात आलं. इतकी वर्षं हा प्रश्न शिकवतेय, पण दोर ओढणारं माणूस कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं.

"मग खऱ्या परीक्षेत काय लिहिशील?"

"परीक्षामा साठच लिखसू, ताई. घरनी विहीरवर मात्र ओझालेबी एक कप्पी बांधसू. अर्धाच जोर लागी."

नियमाप्रमाणे मी तिचा गुण कापला. तुम्ही कापला असता?